गळ्याआधी कान

माढ्यातील एका घरी संध्याकाळची प्रार्थना आटोपून आम्ही निघण्याच्या बेतात होतो. प्रार्थनेतले गीत सुरू असताना घरातील दहा-अकरा वर्षांची मुलगी ओठ मिटून बसलेली आम्ही पाहिली होती. कारण विचारताच उत्तर तिच्या आईनेच दिले, "फादर, हिला गळाच नाही हो. शाळेत बाईंनी सांगितलंय, गाण्याच्या वेळी नुसती उभी राहत जा." मुलीने मान खाली घातली. आम्ही काही बोललो नाही, कारण तिच्याच वयाचे असताना आम्हालाही गायनपथकात असेच सांगण्यात आले होते : "तू फक्त ओठ हलव." त्यानंतर सेमिनरीत जाईपर्यंत आम्ही चारचौघांत कधी मोकळ्या आवाजात गायलो नाही.

गळा ही जन्मजात देणगी आहे, ती नसेल त्याने गप्प बसावे, अशी समजूत आपल्या घराघरांत आहे. वास्तविक बहुतेक बेसूर माणसांच्या गळ्यात दोष नसतो. त्यांच्या कानाला कोणी वळण लावलेले नसते. ज्याला समोरचा सूर वर आहे की खाली हे उमगत नाही, त्याचा आवाज त्या सुराला मिळणार कसा? खरोखरच सूर न ओळखता येणारी माणसे असतात, पण शंभरांत अगदी थोडी. उरलेल्यांचा कान तयार करता येतो. हे आमचे मत म्हणून सांगत नाही. हजार वर्षांचा इतिहास त्याला साक्ष आहे.

आरंभ आपल्याच परिसरापासून करू. माढा तालुक्यातील अरण हे संत सावता माळी यांचे गाव, आणि लऊळ हे संत कूर्मदासांचे. पंढरपूर येथून दूर नाही. या मुलखात भजनी मंडळ नाही असे गाव क्वचितच सापडेल. भजनाला उभे राहणाऱ्याची परीक्षा कोणी घेत नाही. मूल प्रथम टाळ घेऊन रांगेच्या टोकाला उभे राहते, मोठ्यांच्या आवाजात आपला आवाज दडवते, चुकते, ऐकते, पुन्हा म्हणते. विणेकऱ्याच्या गळ्यातील वीणा सतत एकच आधारस्वर देत असते. वर्षानुवर्षे तो स्वर कानावर पडत राहतो आणि एके दिवशी तेच मूल अभंग उचलून धरते. शेतकऱ्याच्या घरात संगीताचे पुस्तक नसते, तरी त्याचा कान तयार होतो. कारण तेथे दोन गोष्टी असतात : न हलणारा एक आधारस्वर, आणि चुकणाऱ्याला हाकलून न देणारी मंडळी.

आता थोडे दूर, इटलीत जाऊ. अकराव्या शतकाच्या आरंभी पोम्पोसा येथील मठात ग्विदो नावाचा एक बेनेडिक्टाइन मठवासी मुलांना उपासनागीते शिकवीत असे. त्या काळी गीतांच्या शब्दांवर काही खुणा केलेल्या असत; पण त्यांवरून सूर नेमका किती वर वा खाली न्यायचा हे कळत नसे. गुरूने म्हणावे, शिष्याने पाठ करावे, हाच मार्ग होता. दहा वर्षे घालवूनही गायकाची विद्या अपुरीच राहते, अशी ग्विदोची तक्रार होती. त्याने रेषा आखून त्यांवर स्वर मांडले. त्याच्या या नव्या पद्धतीमुळे मठातील काही बांधवांचा मत्सर जागा झाला. त्याला पोम्पोसा सोडावे लागले. आरेत्सोचे बिशप थिओडाल्ड यांनी त्याला आश्रय दिला आणि तेथेच सन १०२६ च्या सुमारास त्याने 'मिक्रोलोगुस' हा ग्रंथ लिहिला.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे मोठे कार्य निराळेच आहे. संत योहान बाप्तिस्ता यांच्या एका लॅटिन स्तोत्राची चाल त्याने अशी घेतली की, पहिल्या सहा चरणार्धांपैकी प्रत्येकाचा आरंभ आधीच्यापेक्षा एक पायरी वरून होतो. त्या सहा आरंभींची अक्षरे म्हणजे उत्, रे, मी, फा, सोल, ला. मुलाने हे एक स्तोत्र पक्के पाठ करायचे. मग कोणताही अनोळखी सूर कानी आला की, 'हा आपल्या स्तोत्राच्या कोणत्या चरणासारखा वाटतो?' असे स्वतःला विचारायचे. ओळखीच्या गीताची शिडी करून अनोळखी गीतावर चढायचे, इतकी ही युक्ती साधी होती. पुढे 'उत्'च्या जागी 'दो' आला आणि सातवा 'सी' मिळाला. हाताच्या पेरांवर स्वरांची नावे मोजण्याची एक रीतही ग्विदोच्या नावाने रूढ झाली. त्याच्या स्वतःच्या लेखनात ती आढळत नसली, तरी नाव मात्र त्याचेच चिकटले.

सन १०२४ ते १०३२ या काळात पोपपदावर असलेल्या एकोणिसाव्या जॉन यांनी ही कीर्ती ऐकून त्याला रोमला बोलाविले. आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात ग्विदो सांगतो की, पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ पोपमहोदयांनी पुस्तकात पाहून स्वतः गायिली, तेव्हाच ते आसनावरून उठले. दहा वर्षांचे काम आता एका, फार तर दोन वर्षांत होते, असा त्याचा दावा होता. ज्याला मठातून बाहेर पडावे लागले, त्याच्यापुढे पोप विद्यार्थी होऊन बसले, हे आम्हाला फार बोलके वाटते.

स्वरांना नावे देण्याच्या बाबतीत आपला देश मात्र कितीतरी पुढे होता. षड्ज, ऋषभ, गांधार आदी सात स्वर भरताच्या नाट्यशास्त्रात आहेत. तमिळनाडूतील कुडुमियानमलै येथे तर सातव्या शतकाच्या सुमाराचा एक शिलालेख स्वराक्षरांतच कोरलेला आहे. पण नावे असणे वेगळे आणि ती सर्वांच्या मुखी असणे वेगळे. आपल्याकडे ही विद्या पुढील काळात बहुधा घराण्यांत, गुरूच्या मर्जीवर राहिली.

सर्वांसाठी शिक्षणाची एक वाट गोव्यात निघाली. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून तेथील चर्चना जोडून धर्मग्रामाच्या शाळा उभ्या राहिल्या. अक्षरओळखीबरोबर तेथे 'सोल्फेज', म्हणजे ग्विदोच्या अक्षरांनी सूर ओळखून गाणे, आणि व्हायोलिन शिकवीत. शिकवणारा चर्चचा गायनगुरू. या शाळांत धर्मांतराच्या काळातील जोरजबरदस्तीची सावली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही खेड्यातले गरीब मूल तेथे सूर वाचायला शिकले आणि तेवढ्या शिदोरीवर पुढे मुंबईत पोट भरू लागले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकीच. त्यांचे वडील चर्चमध्ये गायनगुरू होते. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे हेच ते गुरू, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात नाव आले ते यांचेच.

महाराष्ट्रात हे कार्य पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी केले. त्यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडचा. बालपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी मंदावली. डोळे साथ देईनात, म्हणून मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास पाठविण्यात आले. घरच्यांना जी आपत्ती वाटली, तिनेच त्यांचा कान उघडला. दिनांक ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एखाद्या राजाच्या आश्रयाऐवजी लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर ते चालले. स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, ठरलेला अभ्यासक्रम यांमुळे सामान्य घरातल्या मुलामुलींना 'सा'पासून आरंभ करता आला. १९३१ मध्ये पंडितजी मिरज येथे निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्या मंडळाच्या 'प्रारंभिक' परीक्षेला आजही असंख्य मुले बसतात.

मिरज आपल्याला परकी नाही. माढा तालुक्यातील कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. भजनाच्या पंढरीला तंबोऱ्याच्या मिरजेशी जोडणारी ही वाट आपल्या दारातून जाते. भोपळ्यापासून तंबोरे घडविणाऱ्या मिरजेच्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. २०२४ मध्ये तेथील सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोरा हा कानाचा सर्वांत जुना शिक्षक. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सेमिनरीत एका वृद्ध धर्मगुरूंनी आम्हाला रोज दहा मिनिटे तंबोऱ्याजवळ नुसते बसविले होते. गायचे नाही, ऐकायचे. तिसऱ्या आठवड्यात तो गांधार आम्हाला प्रथम ऐकू आला, तेव्हा आम्ही दचकून कोण गात आहे ते पाहिले होते! पेटीवरचा गांधार या स्वयंभू गंधाराहून किंचित चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. अशाच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. आमचे पेटीशी वैर नाही, आमच्या चर्चमध्येही ती आहे. पण पेटीची पट्टी दाबली की सूर आयता मिळतो आणि कान आळसावतो, हा अनुभव खरा.

दहावे पायस यांनी १९०३ मध्ये उपासना-संगीताविषयीच्या आज्ञापत्रात लोकांनी पुन्हा गाऊ लागावे अशी इच्छा व्यक्त केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात सेमिनऱ्यांत व शाळांत संगीतशिक्षणाला महत्त्व द्यावे, त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेचा आदर राखावा, असे सांगितले. आज आपण कोठे आहोत? ध्वनिवर्धकाजवळ चार जण गातात, कधी मोबाइलवरचे तयार संगीत लावले जाते, आणि बाकांवरची माणसे ऐकत राहतात. उपासनेत लोकांचा आवाजच नसेल, तर तो समारंभ उरतो.

माढ्याच्या त्या घरी आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. तंबोरा नव्हता, मोबाइलवर तंबोऱ्याचा आवाज लावला. पहिल्या दिवशी मुलीला फक्त ऐकावयास सांगितले. मग मिटल्या ओठांनी तोच 'सा' गुणगुणायला. मग दोन सुरांतला वरचा कोणता, हे हात उंचावून दाखवायला. पुढे 'सा' नंतर 'प', आणि शेवटी सा-रे-ग म्हणताना 'रे' मनातच म्हणून थेट 'ग' वर येणे. मनात म्हटलेला सूर चुकला नाही, तर कान तयार होऊ लागला असे समजावे. दोन महिन्यांनी ती गवई झाली नाही. पण घरच्या प्रार्थनेत तिचा आवाज आता ऐकू येतो, आणि तो इतरांच्या आवाजात मिळून जातो.

घरोघरीच्या आईवडिलांना आमची एवढीच विनंती : 'तुला गळा नाही' हे वाक्य मुलापुढे उच्चारू नका. रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी पाच मिनिटे एक स्थिर सूर घरात वाजू द्या आणि सर्वांनी तो ऐका. ज्यांना तो लगेच मिळणार नाही, त्यांना रांगेच्या टोकाला का होईना, पण उभे राहू द्या.