‘ब्रॉडबँड’ म्हणजे नेमकं किती? मोबाइल इंटरनेटच्या शब्दांचा इतिहास



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग आज इंटरनेटवर बोलायला कसे उभे राहिलो, असं तुम्हाला वाटलं असेल. कारण घरगुती आहे. मध्यंतरी आम्ही घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं. पहिल्याच दिवशी एक मोठी फाइल उतरवायला लावली, तर पडद्यावर वेग दिसला १२ एमबी. आम्ही तडक दुकान गाठलं. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, ते एमबी वेगळं आणि हे एमबी वेगळं.” आम्हाला वाटलं, पोरगा गंडवतोय. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की तो बरोबर होता आणि चूक आमच्या समजुतीत होती. शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला हे जरा लागलंच.

तर त्या दोन एमबींपासूनच सुरुवात करू. ‘बिट’ हा शब्द क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वापरला आणि त्याचं श्रेय जॉन टुकी यांना दिलं. बिट म्हणजे शून्य किंवा एक, हो किंवा नाही, एवढीच निवड. पुढे १९५६ मध्ये आयबीएममध्ये काम करणाऱ्या वर्नर बुकहोल्ट्झ यांनी ‘बाइट’ हा शब्द घडवला. आज एक बाइट म्हणजे ८ बिट. वाहून नेण्याचा वेग बिटांत मोजायचा आणि साठवण बाइटांत, अशी रीत पडली. म्हणून १०० मेगाबिट भागिले ८ केले, की साडेबारा मेगाबाइट येतात. आमचे १२ कुठून आले ते कळलं.

रोमन लिपीत बिटासाठी छोटा ‘बी’ आणि बाइटासाठी मोठा ‘बी’ लिहितात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे दोन्ही ‘एमबी’च होतात. म्हणजे इंग्रजी जाहिरात वाचणाऱ्याला निदान एक खूण तरी मिळते. मराठी वाचणाऱ्याकडे तीही नाही. त्यानं शेवटी ‘पीएस’ म्हणजे ‘दर सेकंदाला’ आहे का, एवढं पाहावं. असेल तर बहुधा बिट, नसेल तर बहुधा बाइट.

आता पुढचे शब्द. आपल्या शहरात पाण्याचं उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. जायकवाडीहून आपल्याकडे पाणी आलं ते ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिन्यांतून. व्यास दुप्पट, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ चौपट. वाहिनीची ही जी रुंदी, ती ‘बँडविड्थ’. व्हॉल्व्ह उघडल्यापासून तुमच्या नळाला पहिली धार लागेपर्यंत जो वेळ जातो, तो ‘लेटन्सी’. तुमच्या हौदात किती लिटर पडलं, तो ‘डेटा’. एका लाइनवर किती घरं आहेत आणि सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की काय होतं, हे तर सांगायलाच नको. मोबाइलचा टॉवरही असाच सामाईक असतो. रात्री नऊला नेट मंदावतं ते म्हणून.

या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवा. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्यावरून येणाऱ्या नेटची रुंदी कितीही असो, प्रश्न वर जाऊन उत्तर खाली यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागणारच. सिनेमा पाहताना ते जाणवत नाही. बोलताना मात्र दोघं एकमेकांचं वाक्य तोडत राहतात. तिथं जास्त ‘एमबीपीएस’ विकत घेऊन काही उपयोग नाही.

आता ‘जी’कडे वळू. हा ‘जी’ म्हणजे जनरेशन, पिढी. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाइल फोन केला. पहिल्या पिढीची अ‍ॅनालॉग सेवा आपल्याकडे आलीच नाही, आपण थेट दुसरीत बसलो. त्या काळी आलेल्या फोनलाही पैसे पडत, म्हणून लोक नंबर पाहून फोन कापत. तिसरी पिढी एमटीएनएलनं २००८ च्या अखेरीस दिल्लीत आणि २००९ मध्ये मुंबईत आणली. चौथी २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू झाली, पण ती घराघरात पोचली सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. पाचवीचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ ला झालं.

या पिढ्यांनी लागणारा पट्टा सरकार लिलावात देतं, त्याला ‘स्पेक्ट्रम’ म्हणतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, पण त्यांचा पट्टा अरुंद असतो. २६ गिगाहर्ट्झचा पट्टा भरपूर रुंद, पण त्या लहरी थोड्या अंतरावरच दमतात. त्यामुळे फोनवर ‘५जी’ दिसलं, तरी कोणत्या पट्ट्यातलं आणि टॉवरपासून किती लांब, हे त्या अक्षरातून कळत नाही.

इथं आणखी एक घोटाळा होतो. घरातल्या वायफायच्या नावापुढे ‘५जी’ दिसलं, की लोक खूश होतात. तिथला ‘जी’ पिढीचा नाही, गिगाहर्ट्झचा आहे. वायफाय हे नावसुद्धा कशाचं संक्षिप्त रूप नाही. १९९९ मध्ये एका नावं घडवणाऱ्या कंपनीकडून ते करून घेतलं. आणि वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे, ती फक्त घरातली नळजोडणी. चारही दांड्या दिसत असतील आणि नेट नसेल, तर नळ नवा कोरा आहे आणि रस्त्यावरची लाइन कोरडी आहे, एवढंच समजावं.

आता मुख्य शब्द, ‘ब्रॉडबँड’. शब्दशः अर्थ रुंद पट्टा. पण किती रुंद म्हणजे रुंद? हे निसर्ग ठरवत नाही, सरकारी कागद ठरवतो. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात म्हटलं, किमान २५६ केबीपीएस. २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं शब्द दिला, की ही व्याख्या आधी ५१२ वर नेऊ आणि २०१५ पर्यंत २ एमबीपीएसवर. २०१३ मध्ये ५१२ झाली. २ एमबीपीएस व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. सात वर्षं उशीर. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं याच काळात, २०१५ मध्ये, आपली व्याख्या २५ एमबीपीएसवर नेली होती आणि २०२४ मध्ये १०० वर.

तुम्ही म्हणाल, सर, कागदावरच्या आकड्यानं काय बिघडतं? ती मधली सात वर्षं कोणती होती ते आठवा. त्यातच २०२० साल आलं. शाळा बंद, तास मोबाइलवर. आपल्या मराठवाड्यात घरात एक फोन, त्यावर दोन-तीन मुलं, आणि नेटसाठी गच्चीवर नाहीतर गावाबाहेरच्या टेकाडावर धाव. त्या वेळी ५१२ केबीपीएस मिळणारा ग्राहक कागदोपत्री ‘ब्रॉडबँडधारक’ होता. एवढ्यात शिक्षकांचं चित्र हलत नाही, आवाज तुटतो. पण सरकारी मोजणीत ते घर ‘जोडलेलं’. जोडलेल्याची तक्रार कोण ऐकणार?

आमच्या न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत. ‘शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय’ म्हटलं, तर म्हैसही गायीत जमा होते. ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटलं, तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. आणि ‘एक खूर असलेली ती गाय’ म्हटलं, तर अशी गायच नसते. हा असंभव. ब्रॉडबँडच्या जुन्या व्याख्येत अतिव्याप्ती होती, जे रुंद नाही तेही रुंदात मोजलं गेलं.

आणि ‘अनलिमिटेड’ हे बहुतेक वेळा असंभवाचं उदाहरण. दिवसाची मर्यादा संपली, की वेग उतरतो. बऱ्याच प्लॅनमध्ये तो ६४ केबीपीएसवर येतो. हिशेब करा. १ एमबीचा एक फोटो जायला साधारण दोन मिनिटं. हे ६४ म्हणजे २००४ च्या व्याख्येचासुद्धा चौथा हिस्सा. २००४ मध्ये सरकार ज्याला किमान ब्रॉडबँड म्हणत होतं, त्याच्या पाव भागाला आज ‘अमर्याद’ म्हणतात. उलट बाजूही पाहा. १०० एमबीपीएसचा वेग खरंच मिळाला, तर दिवसाचे २ जीबी तीन मिनिटांच्या आत संपतात. वाहिनी मोठी आणि हौद छोटा.

तसाच ‘पर्यंत’ हा शब्द. ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ हे छप्पर आहे, जमीन नाही. ५ मिळाले तरी ते शंभरच्या आतच आहेत, विक्रेता खोटं बोलला असं म्हणता येत नाही.

म्हणून आता आम्ही दुकानात गेलो, की चार गोष्टी विचारतो. हा आकडा बिटांचा की बाइटांचा? कमाल वेग सांगितलात, किमान किती? मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो? आणि पाठवण्याचा, म्हणजे अपलोडचा वेग किती? दुसऱ्या प्रश्नाला अजून सरळ उत्तर मिळालेलं नाही. पण परवा त्याच काउंटरवर आमच्यामागे उभ्या असलेल्या एका बाईंनी तिसरा प्रश्न विचारला आणि प्लॅन बदलून घेतला. मुलीची ऑनलाइन परीक्षा आहे, म्हणाल्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.