लोगोने धंदा सांगायचा नसतो

लोगो बघताक्षणी धंदा कळला पाहिजे, हे मत आज इतकं रुळलं आहे की त्याला कुणी कारणच विचारत नाही. मुंबईतल्या जाहिरात संस्थांच्या बैठकीत ते ऐकू येतं आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या एखाद्या बचत गटातही ते ऐकू येईल. समजा, तिथल्या बाया मिरची दळून पाकिटं विकायला निघाल्या आहेत. कॉम्प्युटरपुढे बसलेल्या पोराला त्या सांगतात, "भाऊ, मिरची पाह्यजे, जातं पाह्यजे, दळणारी बाई पाह्यजे. नाही त लोकायले समजीन कसं?" पोरगा तिन्ही वस्तू एका गोलात बसवतो, मागे सूर्याचे किरण सोडतो, बाजूने ओंब्या फिरवतो आणि गोलाच्या कडेने गटाचं सबंध नाव लिहितो. सगळे खूश होतात. पाकिटावर तो लोगो अंगठ्याएवढा छापला की त्यातलं काहीच ओळखू येत नाही.

बायांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. लोकांना कळायलाच हवं. पण काय कळायला हवं, इथे प्रचलित मत चुकतं, आणि या चुकीपायी छोट्या धंद्यांचे कष्टाचे पैसे वाया जातात म्हणून त्याचं खंडन नीट करायला हवं.

आधी या मताची खरी ताकद पाहू. वाचणारे थोडे होते तेव्हा न्हाव्याच्या दुकानावर कात्री-कंगवा, चष्म्याच्या दुकानावर दोन डोळे आणि दातांच्या दवाखान्यावर कवळी रंगवलेली असायची. चित्र बघून माणूस बरोबर दारात यायचा. मग लोगोने तेच करू नये का? करू नये, कारण ते काम पाटीचं आहे. इथे काय मिळतं, हे पाटी सांगते. हे कुणाचं, हे लोगो सांगतो. किराणा दुकानात मिरचीची पाच पाकिटं शेजारी टांगलेली असतात. आत मिरची आहे हे गिऱ्हाइकाला दिसतंच आहे. मागच्या वेळी नेलेलं आणि घरात सगळ्यांना आवडलेलं पाकीट यातलं कोणतं, एवढंच त्याला हवं असतं. पाचही पाकिटांवर मिरचीचं चित्र असेल तर त्याला ते कसं सापडणार?

हा फरक या भागाच्या व्यापारात मुरलेला आहे. मलकापूर, खामगाव या कापसाच्या जुन्या पेठा. कापसात भेसळ करून, पाणी मारून गाठी बांधण्याचे प्रकार रोखायला 1925 साली कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज अ‍ॅक्ट झाला. प्रत्येक गाठीवर प्रेसची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक हवाच, असं त्यात बांधून दिलं. गाठीत कापूस आहे हे सांगायला कुणाला बोंडाचं चित्र लागत नव्हतं. गाठ कोणत्या प्रेसमधून आली आणि खराब निघाली तर कुणाला धरायचं, हे कळणं महत्त्वाचं होतं. खुणेचं मूळ काम हे असं जबाबदारीचं आहे.

यावर कुणी म्हणेल, व्यापारी शिकलेले होते, साध्या माणसाला अर्थ दाखवावाच लागतो. तर मग 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीकडे पाहा. 1951 च्या जनगणनेत देशातली साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसच्या बैलजोडीत शेतकरी दिसतो हे खरं, आणि प्रतिपक्ष हेच उदाहरण पुढे करेल. पण डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती कोणता जाहीरनामा सांगत होता? तरी तो ओळखला गेला. खुद्द काँग्रेसची बैलजोडी 1969 च्या फुटीनंतर गेली, गाय-वासरू आलं, मग 1978 मध्ये इंदिरा काँग्रेसने हात घेतला. हातात शेती नाही, गाय नाही, बैल नाही. मतदाराने तोही बिनचूक ओळखला. न वाचणाऱ्याला चिन्हात ठळक, वेगळा आणि सहज सांगता येईल असा आकार लागतो. अर्थ तो स्वतः भरतो, अनुभवाने.

सगळ्यात मोठा पुरावा तर त्या मिरचीच्या पाकिटावरच छापलेला असतो. शाकाहाराची खूण म्हणजे चौकोनातला हिरवा ठिपका. त्यात पान नाही, भाजी नाही, तरी कुणी विचारत नाही की याचा अर्थ काय. मांसाहाराची खूण पूर्वी तशीच गोल, फक्त तपकिरी होती. रंग नीट न ओळखणाऱ्यांना दोन्हींत फरक कळेना, म्हणून 2020 च्या लेबल नियमांत तिचा त्रिकोण झाला. दुरुस्ती करताना कोंबडीचं चित्र घालावंसं कुणाला वाटलं नाही, आकार बदलला आणि काम झालं. लोगो आधी एका रंगात उभा राहिला पाहिजे, असा आग्रह जाणकार धरतात तो याचसाठी.

मराठी घरातलं उदाहरण हवं असेल तर दांडेकरांचं घ्या. 1931 साली मुंबईत त्यांनी शाईचा धंदा सुरू केला. आधी घोडा छाप, पुढे उंट छाप. शाईचा आणि उंटाचा संबंध काय? काहीही नाही. पण कॅमलची कंपासपेटी वापरलेल्या पिढ्यांना उंट दिसला की शाळा आठवते. स्टेट बँकेचं निळं वर्तुळही तसंच. ते 1971 साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या (एनआयडी) शेखर कामत यांनी केलं. कुणी त्यात कुलपाचं भोक पाहतं, कुणी अहमदाबादचा कांकरिया तलाव. नोटा, चेकबुक, कर्ज यांतलं काहीही त्यात काढलेलं नाही, आणि म्हणूनच पेन्शनपासून पीककर्जापर्यंत सगळ्या कामांवर ते चालतं.

कायदाही प्रचलित मताच्या विरुद्ध आहे, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, 1999 च्या कलम 9 नुसार मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा ठिकाण एवढंच सांगणारी खूण नोंदणीला पात्र नाही. वापराने ती त्याच धंद्याची म्हणून ओळखली गेली असेल तरच अपवाद. म्हणजे मसाल्याच्या वर्गात, वर्ग 30 मध्ये, नुसत्या मिरचीच्या चित्रावर हक्क सांगायला गेलात तर आक्षेप येणार, आणि यायलाच हवा. मिरचीचं चित्र सगळ्या मिरचीवाल्यांचं आहे. ते एकाला बांधून दिलं तर बाकीच्यांनी काय छापायचं?

आता दुसऱ्या टोकाच्या मताकडे येतो. डिझाइनवाल्यांत ते बोकाळलं आहे: गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही, त्याचं ऐकू नका, एकच डिझाइन ठेवा. त्यासाठी नामांकित अमेरिकन डिझायनर पॉल रँडचा दाखला देतात. 1986 साली त्याने स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीसाठी एकच लोगो दिला आणि एक लाख डॉलर घेतले. दाखला खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. रँडने सोबत एक अख्खी पुस्तिका देऊन आपला विचार पायरीपायरीने मांडला होता. लोगोतला घन आकारही हवेतून आला नव्हता, कॉम्प्युटर घनाकार असणार हे त्याला जॉब्जकडून कळलं होतं. गिऱ्हाइकाला बाजूला सारून हे झालेलं नाही.

धामणगावच्या बायांना जे माहीत आहे ते डिझाइनवाल्याला माहीत नसतं. पाकीट पारदर्शक असणार आणि आत लालभडक तिखट. पांढऱ्या स्क्रीनवर देखणी दिसणारी लाल मिरची त्या पाकिटावर तिखटात विरघळून जाईल. हे त्या दळणारीला एका नजरेत दिसतं. सुरुवातीला छपाई एका रंगात, स्क्रीन प्रिंटिंगने, कारण खर्च तेवढाच परवडतो. तोच लोगो बिलबुकावर, रबरी शिक्क्यावर आणि बाजारातल्या फ्लेक्सवर जाणार. गावातले लोक या गटाला आधीच कोणत्या नावाने ओळखतात? माल कोण नेतं, मोताळ्याचा दुकानदार की मलकापूरचा? संध्याकाळच्या बाजारात उजेड कितपत असतो? शेजारी कुणाची पाकिटं टांगलेली असतात आणि त्यांचा रंग कोणता? क्लायंटला विचारायचे प्रश्न हे आहेत. "लोगोत काय काय टाकू?" हा प्रश्न विचारला की यादी येणारच, आणि ती आली तर दोष विचारणाऱ्याचा.

राहता राहिला एक खरा आक्षेप. उंटाच्या मागे दशकं आहेत, नव्या गटाच्या मागे काहीच नाही, त्याला कोण ओळखणार? मान्य. म्हणून पाकिटावर 'मिरची पावडर' हे शब्द मोठे, ठसठशीत हवेत. हवा तर मिरचीचा फोटोही हवा. तो पाकिटाचा भाग आहे, पुढच्या वर्षी बदलता येतो. लोगो मात्र राहणार आहे, कारण उन्हाळा आला की याच बाया पापड, कुरडया आणि शेवया करतील आणि तेव्हा मिरची-जात्याचा लोगो आडवा येईल. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, अमळनेरला 29 डिसेंबर 1945 रोजी वनस्पती तूप करणारी कंपनी स्थापन झाली आणि मालच तिच्या नावात आला: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे ती इतर धंद्यांतही शिरली आणि ते नाव तिच्या अंगाला बसेना. आज जग तिला विप्रो म्हणून ओळखतं.