एक नाव, दोन मापे

मापाचे नाव हा देणारा आणि घेणारा यांच्यामधला करार होय. मुंबईचा मण व बंगालचा मण एकाच नावाचे, पण वजनाने निराळे होते. असला घोळ मिटावा म्हणून भारताने १९५६ साली दशमान मापांचा कायदा केला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत एका नव्या मापाचे बारसे झाले आणि पुढे त्याच्याभोवती तसाच घोळ माजला.

ते माप म्हणजे 'बाइट'. आय.बी.एम. कंपनीच्या 'स्ट्रेच' या गणकयंत्राची आखणी चालू असताना वर्नर बुखोल्झ यांनी हा शब्द योजिला. शून्य किंवा एक एवढेच सांगणारी खूण ती बिट; अशा बिटांचा गट तो बाइट. आरंभी हा गट लहानमोठा असे. १९६४ साली त्याच कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमालिका जाहीर केली आणि पुढे आठ बिटांचा बाइट सर्वमान्य झाला.

घोळ शिरला तो 'किलो' या उपसर्गातून. फ्रान्सने १७९५ साली दशमान पद्धतीत हा उपसर्ग घेतला, तो एक हजार या अर्थाने. परंतु यंत्राची स्मृती हजाराने नव्हे, दुपटीने वाढते. घराचा पत्ता सांगणारी एक तार वाढली की घरे दुप्पट होतात. दहा तारांनी ती १०२४ भरतात. हजाराच्या इतक्या जवळची संख्या पाहून तंत्रज्ञांनी तिलाच 'किलो' म्हटले. शेकडा २.४ चा हा फरक तेव्हा कोणास बोचला नाही. तथापि तो चक्रवाढ व्याजासारखा चढत गेला : मेगाबाइटात ४.९, गिगाबाइटात ७.४ आणि टेराबाइटात जवळजवळ १० टक्के.

हार्ड डिस्क बनविणारे हजाराने मोजतात. त्यांचे ५०० गिगाबाइट म्हणजे ५०० अब्ज बाइट. हीच संख्या १०२४ ने तीनदा भागली की ४६५ उरतात, आणि १०२४ ने मोजणारा संगणक तेवढेच दाखवितो. वस्तुतः एकही बाइट कमी झालेला नसतो. तरीही या तफावतीवरून अमेरिकेत ग्राहकांनी न्यायालयाची पायरी चढली. '१.४४ मेगाबाइट' म्हणून विकल्या गेलेल्या फ्लॉपीची गंमत तर आगळीच. तेथे मेगा म्हणजे हजार गुणिले १०२४. म्हणजे धड हे माप नाही, धड ते नाही.

अखेर डिसेंबर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १०२४ च्या पटींना किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र नावे दिली आणि किलो, मेगा, गिगा हे उपसर्ग हजाराच्या पटींसाठी राखले. ॲपल कंपनीने २००९ साली आपल्या संगणकांवर हजाराची मोजणी स्वीकारली. 'विंडोज' मात्र १०२४ नेच भागून आकड्यापुढे जुनेच नाव लिहिते. नवी नावे शास्त्रग्रंथांत रुळली, बाजारात रुळली नाहीत. म्हणून गिगाबाइटचा आकडा वाचणाऱ्याने आधी एवढेच पाहावे, की तो हजाराने मोजला आहे की १०२४ ने.