अण्णांची झोळी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. सध्या माझ्या संध्याकाळी पावतीपुस्तकं आणि व्हाउचरांत जातात.

घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, इतरांसाठी सांगतो. आमच्या गावात मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे. आजोबांच्या पिढीतल्या चार-पाच जणांनी मिळून सुरू केलेलं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या चाळीसेक मुली तिथे राहून शिकतात. गेल्या वर्षी जुन्या खजिनदारांना डोळ्यांनी दिसेनासं झालं आणि "फक्त सह्या तर करायच्यात" असं म्हणून ते पद माझ्या गळ्यात पडलं.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीची सभा होती. गावचेच एक गृहस्थ, आता मुंबईत स्थायिक झालेले, आईच्या स्मरणार्थ वसतिगृहाला नवी इमारत बांधून द्यायला तयार आहेत. अध्यक्षांनी पत्र वाचलं, टाळ्या झाल्या. मी हळूच विचारलं, "रेक्टरबाईंचा तीन महिन्यांचा पगार थकलाय, वाण्याची उधारी आहे, त्याचं काय?" अध्यक्ष म्हणाले, "अहो, आज चांगला दिवस आहे. ते बघू नंतर."

घरी आलो तो काही मनातून जाईना. आजोबांच्या कपाटात धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' होतं. शाळेत असताना एकदा वाचलं होतं, तेव्हा त्यातला त्याग तेवढा दिसला होता. आता खजिनदाराच्या डोळ्यांनी वाचलं, तर पानोपानी पैशांची विवंचना दिसली. त्यामुळे हे अण्णा कर्व्यांबद्दल, पण त्यांच्या पुतळ्याबद्दल नव्हे. त्यांच्या झोळीबद्दल.

अण्णा १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. हे सगळं आपण धड्यात वाचलेलं आहे. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग आला, आश्रमाला शहराबाहेर जागा हवी होती. रावबहादुर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम त्या माळावर गेला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. जमीन मिळाली, छप्पर मिळालं. माझ्या लक्षात आलं ते पुढचं. जमीन देणारा एक भला माणूस भेटला, पण तिथे राहणाऱ्या मुलींना रोज दोन वेळा जेवायला घालायचं, त्यासाठी कोण भेटणार? त्या झोपडीच्या दारात वर्षाकाठी जाहीर समारंभ होत नाही. डाळ-तांदळावर कोणाच्या आईचं नाव कोरता येत नाही. म्हणून अण्णा कॉलेज संपलं की रोज पायी हिंगण्याला जायचे, मुलींना शिकवायचे, आणि कॉलेजला सुट्टी लागली की पावतीपुस्तक घेऊन गावोगाव हिंडायचे. स्वभाव भिडस्त, वक्तृत्व बेताचं. असा माणूस लोकांच्या ओसरीवर जाऊन बसायचा आणि मागायचा. एखाद्या ठिकाणी रुपया मिळाला तर रुपयाची पावती.

आता यातली अवघड बाजू. देणगी मागायला जाणाऱ्या माणसाने स्वतः विधवेशी लग्न केलेलं. लोकांना धास्ती, की आपली मुलगी किंवा सून आश्रमात घातली तर हे तिचं दुसरं लग्न लावून देतील. तेव्हा अण्णांनी दोन कामं वेगळी केली. आश्रमाचं काम विधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभं करण्याचं, पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमात नाही. विवाहोत्तेजक मंडळीच्या कामातूनही त्यांनी स्वतःला बाजूला घेतलं. आणि याची झळ घरातच लागली. ज्यांच्याशी लग्न केल्यामुळे अण्णांना हे काम सुचलं, त्या आनंदीबाईंनाच पुनर्विवाहित म्हणून आश्रमापासून अंतर राखून राहावं लागलं. नवरा सगळा वेळ संस्थेला देणार, उरलासुरला पैसाही तिकडेच, आणि घर चालवायचं ते त्यांनी. त्यांचं 'माझे पुराण' वाचलं की ही बाजू कळते. ज्यांनी 'आत्मवृत्त' वाचलंय त्यांनी लगोलग तेही वाचावं, म्हणजे हिशोब पुरा होतो.

मला यात अण्णांना दोष द्यायचा नाही. देणगीदाराला न दुखवता संस्था चालवायची म्हणजे काय काय गिळावं लागतं, ते माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं, एवढंच. कुठे थांबायचं हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि ते कुठल्याही घटनेत लिहिलेलं नसतं.

दुसरी अडचण माणसांची. १९०७ मध्ये अण्णांनी महिला विद्यालय सुरू केलं. म्हणजे आता दोन संस्था, आणि मागायला जायचं तर पुन्हा त्याच दारांवर. शिवाय एकट्याने किती धावायचं? पगारावर चांगली माणसं ठेवायला पैसे नाहीत आणि फावल्या वेळातल्या हौशी मदतीवर शाळा चालत नाही. अण्णा स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होते. थोडक्या पगारावर वीस वर्षं द्यायची, ही तिथली रीत त्यांना माहीत होती. तोच धागा पुढे नेऊन १९०८ साली त्यांनी निष्काम कर्म मठ काढला. पोटापुरतं घ्यायचं आणि जन्म संस्थेला द्यायचा, अशी शपथ घेणारी माणसं त्यांनी गोळा केली.

नाव मोठं आध्यात्मिक आहे, पण मला तर ती मनुष्यबळाची योजना वाटते. अण्णांनी ओळखलं होतं, की संस्था इमारतीवर उभी राहत नाही, उद्या सकाळी वर्गात कोण उभं राहणार यावर उभी राहते. मठाच्या तऱ्हेची माणसं आज मिळायची नाहीत, आणि मिळावीत अशी अपेक्षाही धरू नये. आमच्या रेक्टरबाईंना दोन मुलं आहेत. त्यांनी निष्काम का म्हणून राहायचं?

मग आलं विद्यापीठ. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांच्या वाचनात आली, १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं, अवघ्या मूठभर विद्यार्थिनींवर. शिक्षण मातृभाषेतून. सरकारची मान्यता नाही. वय ५८, आणि पुन्हा झोळी.

या झोळीला हात लावणाऱ्यांत आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले होत्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या, उशिरा लिहायला-वाचायला शिकलेल्या. आश्रमासाठी वर्गणी मागत त्या देशभर फिरल्या आणि १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेच्या कामासाठी थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. आपण आज देणगी मागायचा ईमेल पाठवताना तीनदा विचार करतो.

आणि १९२० मध्ये ती देणगी आली. सर विठ्ठलदास ठाकरसींनी विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. त्या काळचे १५ लाख! विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. पुढे १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्य ठाणंही पुण्याहून मुंबईला गेलं.

मला वाटलं होतं, इथे झोळीची गोष्ट संपेल. पण पुढचं पान उलटलं आणि थबकलो. १९२९ साली, म्हणजे या देणगीनंतर नऊ वर्षांनी, वयाच्या ७१ व्या वर्षी अण्णा जगाच्या दौऱ्यावर निघाले. युरोप, अमेरिका, जपान. विद्यापीठाची ओळख करून द्यायची आणि निधी जमवायचा. परत आले आणि १९३० च्या अखेरीला पुन्हा निघाले, आता पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांकडे. पंधरा लाखांनंतरही!

का? मी दोन रात्री यावर विचार करतोय. एक कारण उघड आहे. संस्था मोठी झाली की खर्चही मोठा होतो, आणि मान्यता नसल्यामुळे सरकारकडे हक्कानं मागता येत नाही. त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये. दुसरं कारण माझ्या अनुभवाचं. मोठी देणगी आली की बाकीचे हात आपोआप मागे जातात. "आता त्यांना काय कमी आहे?" आमच्याकडे नुसत्या पत्राच्या बातमीने एका वार्षिक वर्गणीदारांनी मला हसत हसत हेच ऐकवलं.

तिसरं कारण मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रुपया देणारा माणूस नुसता रुपया देत नाही. तो पुढच्या वर्षी विचारतो, "काय हो, मुली किती झाल्या?" अण्णा ओसऱ्या झिजवत होते तेव्हा पैसे मिळत होतेच, पण त्याहून मोठं म्हणजे विधवेला शिकवलं तर आभाळ कोसळत नाही, हे त्या ओसरीवर पटत होतं. ज्यानं रुपया दिला तो उद्या आपली भाची हिंगण्याला पाठवायला तयार होत होता. एकाच माणसाने सगळं दिलं असतं तर हिशोब जुळला असता, पण ही ओळख झाली नसती.

आज परिस्थिती बदलली असली तरी समजूत तीच आहे, 'कामाला' पैसे द्यायचे, ते काम करणाऱ्याला नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं, ते चांगलंच झालं. पण आमच्या गावापर्यंत असली कंपनी पोचत नाही, आणि पोचली तरी तिला फोटो काढता येईल अशी वस्तू द्यायला आवडते. हिशोबनिसाचा पगार फोटोत येत नाही.

असो. आमच्या सभेचं पुढे काय झालं ते सांगतो. मी अध्यक्षांच्या परवानगीने त्या गृहस्थांना फोन केला. भीतभीतच सांगितलं, की इमारत हवीच आहे, पण ती झाडायला, रंगवायला, तिथल्या मुलींना जेवू घालायला दर महिन्याला पैसे लागतील, आणि ते आज आमच्याकडे नाहीत. देणगीतला काही भाग कायम ठेवीत ठेवता येईल का? ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "महिन्याचा खर्च किती येतो?" इतकी पत्रं गेली-आली, पण हा आकडा त्यांना कोणी कळवलाच नव्हता. त्यांनीही विचारला नव्हता. मी आकडा सांगितला. "मुलांशी बोलून कळवतो," म्हणाले. अजून कळवलेलं नाही. कदाचित नाहीही म्हणतील, आणि मग सभेत माझं काय होईल ते तुम्हीच ओळखा.

तोवर आम्ही वार्षिक वर्गणीदारांची जुनी यादी काढली आहे. निम्मी नावं आता हयात नाहीत. त्यांच्या घरी जायचं ठरवलं आहे, दर रविवारी दोन घरं. गेल्या रविवारी पहिल्यांदा गेलो. मागायला तोंड उघडेना. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, शेवटी त्या घरच्या आजींनीच विचारलं, "वसतिगृहाचं आलात ना? मग बोला की." शंभर रुपये दिले आणि मुली किती आहेत ते विचारलं.

तर नातेवाईकांनो, हे वाचत असाल तर एक इशारा. दिवाळीत सगळे गावी येणार आहात. पावतीपुस्तक माझ्या पिशवीत असेल.