पडसे, धूळ आणि दमा : एका संबंधाचा इतिहास

खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांत कापसाचा हंगाम आणि थंडीपडशाचे दिवस बहुतांशी एकत्रच येतात. त्यामुळे दमेकऱ्याचा विकार बळावला असता दोष धुळीचा की पडशाचा, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो. (गिरणीकामगारांना कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा विकार निराळा, त्याचा येथे विचार केलेला नाही.) इतिहास पाहता हा विकल्पच मुळात अलीकडचा आहे असे दिसते.

'दमा' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याच्या मुळाशी 'दम' म्हणजे श्वास आहे. संस्कृत वैद्यक ज्याला 'तमक श्वास' म्हणते तो याच्याशी पुष्कळसा जुळतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाच्या कारणांमध्ये धूळ व धूर यांची गणना केली आहे. तमक श्वासाच्या वर्णनात मात्र पीनस, म्हणजे पडसे, प्रथम येते आणि ढगाळ हवा, थंडी व पूर्वेचा वारा यांनी विकार वाढतो असे सांगितले आहे. दोन्ही कारणे तेथे शेजारी शेजारी नांदतात.

त्यांची फारकत विसाव्या शतकात झाली. ज्या १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याच साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' ही संज्ञा योजली. पुढे परागकण, धूळ आदी बाह्य द्रव्यांकडे लक्ष वेधले गेले व संसर्गाचा विचार वेगळ्या वाटेने गेला.

या वाटा पुन्हा हळूहळू जवळ आल्या. १९५६ मध्ये विन्स्टन प्राइस यांनी पडशाच्या एका विषाणूचा शोध प्रसिद्ध केला. हा वर्ग पुढे ऱ्हायनोव्हायरस म्हणून ओळखला गेला. १९६६-६७ च्या सुमारास ॲलर्जीचे वाहक असे आयजीई प्रतिपिंड ओळखले गेले. १९९५ मध्ये साउथॅम्प्टन येथील नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या पाहणीत दम्याच्या सुमारे ८० ते ८५ टक्के उद्रेकांत विषाणू आढळले. विषाणूने दुखावलेले श्वासनलिकांचे अस्तर असे संदेशद्रव्य सोडते की ज्याने ॲलर्जीजन्य दाह भडकतो. उलटपक्षी, दमेकऱ्यांच्या अस्तरपेशींत विषाणुरोधक इंटरफेरॉन अपुरे निर्माण होते, असे २००५ मध्ये दाखविण्यात आले. सर्वांत बोलका पुरावा २०११ चा होय : आयजीईला रोधणाऱ्या औषधाने शहरी अमेरिकन मुलांमधील शरद ऋतूतील उद्रेक जवळजवळ नाहीसे झाले. हे औषध विषाणूविरोधी नव्हे. ॲलर्जीची बाजू आवरताच पडशाचाही जोर ओसरला, असाच याचा अर्थ होतो.

तात्पर्य, धूळ व पडसे हे प्रतिस्पर्धी नसून भागीदार होत. केवळ धुळीवर बोट ठेवणारा पडशाच्या दिवसांत गाफील राहतो. केवळ पडशावर ठेवणारा दाहशामक औषधाचे दैनंदिन सेवन अनावश्यक मानतो, आणि विषाणूवर निरुपयोगी असलेली प्रतिजैविके मागतो. दोन्ही चुकांची किंमत अखेर रोग्याच्या श्वासालाच मोजावी लागते.