मिरचीआधीची किमची

कोरिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लालभडक किमची येते. कोबी, मुळा, लसूण, आलं, खारवलेली मासळी आणि या सगळ्याला माखलेलं भरड तिखट. या तिखटाचं नाव गोचुगारू. ‘गोचू’ म्हणजे मिरची आणि ‘गारू’ म्हणजे पूड. कोरियाची ओळख ठरलेलं हे तिखट तिथल्या स्वयंपाकघरात शिरलं ते मात्र दुसऱ्यांच्या जागेवर.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला, १५४३मध्ये ते जपानला पोचले. त्यांच्या व्यापारी वाटांनी मिरची पूर्वेकडे सरकत गेली. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या. मिरची त्या सुमारास कोरियात आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ती त्याआधीपासूनच तिथे होती, असं म्हणणारेही काही आहेत.

तिचं स्वागत काही प्रेमाने झालं नाही. यी सू-ग्वांग यांनी १६१४च्या ‘जिबोंग युसोल’ या ग्रंथात तिची नोंद केली आहे. लोक तिला ‘जपानी मोहरी’ म्हणतात, ती फार विषारी आहे, गुत्त्यांत ती दारूत घालतात आणि ती पिऊन माणसं दगावतात, असं ते लिहितात. देश नुकताच युद्धात होरपळलेला, आणि या नव्या पाहुणीच्या नावातच शत्रूचं नाव!

मग तोवर कोरियन माणूस काय खात होता? मीठ, मोहरी, आलं, लसूण आणि छोपी. छोपी म्हणजे कोकणात माशाच्या आमटीत घालतात त्या तिरफळाचीच भावकी. काळी मिरीही होती, पण ती परदेशातून येणारी आणि महाग. १६७०च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग या विदुषीने लेकीसुनांसाठी पाककृतींचं पुस्तक लिहिलं. पंडितांची लिपी चिनी होती. हिने लिहिलं साध्या हंगुलमध्ये. त्या पुस्तकात मिरची कुठेच नाही. गंमत म्हणजे ही बाई ज्या यंगयांग भागात राहिली, तो आज मिरचीसाठीच प्रसिद्ध आहे.

पुढे १७६६च्या यु जुंग-रिम यांच्या ग्रंथात मिरची घातलेलं लोणचं आणि गोचुजांग दोन्ही सापडतात. म्हणजे साधारण शंभर वर्षांत परकी मिरची घरची झाली. ती परसात उगवत होती आणि मिरीसारखे पैसे मागत नव्हती. तिच्यामुळे मीठ थोडं कमी घातलं तरी चालतं, असंही एक कारण अभ्यासक देतात. कोरियनमध्ये मिरी ‘हुचू’, मिरची ‘गोचू’. आपल्याकडेही मिरीवरूनच मिरची. दोन्ही भाषांनी नवखीला जुन्याच नात्यातलं नाव दिलं.

आज पुण्यामुंबईत घरी किमची करणारे विचारतात, गोचुगारू मिळालं नाही तर काय घालायचं? गोचुगारू पिकल्या लाल मिरचीचं, बहुतेक बिया काढलेलं, जाडसर आणि रंगाला गडद असतं. म्हणून ब्याडगी मिरचीच्या बिया काढून ती भरड कुटावी, काम भागतं. लवंगी घालू नये, रंग येण्याआधी डोळ्यांत पाणी येईल. गोचुजांगचं मात्र तसं नाही. चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मीठ आणि बारीक तिखट यांचं ते मिश्रण महिनोन्‌महिने मुरतं. नुसती मिरचीपूड पाण्यात कालवून ते साधत नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून किमची घालण्याच्या ‘किमजांग’ या प्रथेचा २०१३मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत समावेश केला. त्याच कोरियात बिनमिरचीची पांढरी ‘बेक किमची’ आजही घातली जाते. तेव्हा तुमच्या ब्याडगीच्या किमचीला कुणी ‘ही अस्सल नव्हे’ म्हणून नाक मुरडलंच, तर त्याला जांगबाईंच्या पुस्तकाची गोष्ट सांगा आणि पानात किमची वाढा.