गुन्हेगारीविषयक लोकप्रिय वाङ्मय

गुन्हेगारांच्या टोळ्या, त्यांच्या क्लृप्त्या व सांकेतिक भाषा यांची माहिती सामान्य वाचकांस देणारे वाङ्मय. सावधगिरीचा इशारा व मनोरंजन असा दुहेरी हेतू त्यामागे असतो.

सोळाव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये ते विशेष फोफावले. गावांतून उखडलेली माणसे लंडनमध्ये लोटली व १६०० च्या सुमारास तेथील लोकसंख्या सु. दोन लाखांवर गेली. टॉमस हार्मनच्या १५६७ च्या पुस्तिकेत भटक्यांचे प्रकार, त्यांची नावे व त्यांच्या बोलीची शब्दसूची आहे. रॉबर्ट ग्रीन (१५५८–९२) याने १५९१ पासून शहरी लुच्चेगिरीवर पुस्तिका लिहिल्या. त्यांत पत्त्यांच्या डावात नागवल्या जाणाऱ्या भोळ्या गिऱ्हाइकास ‘ससा’ म्हटले आहे. १५९२ च्या एका उत्तरवजा पुस्तिकेत मात्र एक कल्पित ठकसेनच, सावकार व गिरणीवाले आपल्याहून मोठे लुटारू असल्याचे सांगतो. निराधारांची भटकंती हा संघटित गुन्हाच होय, हा समज अशा लेखनाने दृढ केला. १५७२ च्या कायद्यानुसार भटक्यांना फटके मारून त्यांचे कान डागले जात.

भारतात हाच साचा ठगांविषयीच्या लेखनात आढळतो. विल्यम स्लीमन (१७८८–१८५६) याने १८३६ मध्ये ठगांच्या ‘रामासी’ बोलीचा कोश प्रसिद्ध केला. फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) हा, आजचे बीड व धाराशिव जिल्हे ज्यात मोडत त्या निजामाच्या राज्यात अधिकारी होता. त्याच्या १८३९ च्या ठगविषयक इंग्रजी कादंबरीचा नायक अमीर अली स्वमुखाने आपली हकिकत सांगतो. या लेखनाचा मुख्य आधार माफीच्या साक्षीदारांचे जबाब हा होता. जीव वाचविण्यासाठी दिलेल्या अशा जबाबांवर कितपत विसंबावे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

परिणाम मात्र दूरगामी झाले. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरूनच गुन्हेगारी ठरविली. हा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला व सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणबंद वसाहती उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी कलंक पुसला गेला नाही.

लातूर परिसरातील लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७, साहित्य अकादेमी पुरस्कार, १९८८) या आत्मकथनात बाजारातील खिसेकापूपणाचे शिक्षण येते, तसेच त्यामागील उपासमार व पोलिसांची मारहाणही. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले, त्यांनीच येथे लेखणी हाती घेतली, हे या वाङ्मयाच्या इतिहासातील महत्त्वाचे वळण होय.